एकेरी दोरा

४ जानेवारी

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. हे वाक्य जरा मोठ्याने वाच, म्हणजे मशीनवर बसलेल्या माणसाच्या कानावर पडेल. माझा फोन आला की बाबा उठून दुकानाबाहेर जातात, पण हातात अर्धी शिवलेली बॅग असताना पत्र वाचलं तर जातील कुठे, ही तुझी युक्ती मला पटली. म्हणून ही टपालाची हौस.

शहर अवाढव्य आहे. आपल्याच खंडातलं असून पाट्यांवरचं एक अक्षर लागत नाही. पाठीवर सॅक घेऊन एकट्या हिंडणाऱ्या मुली जिथे उतरतात तसल्या खोलीत मी आहे. एकावर एक असे सहा पलंग, एक खिडकी आणि चपलांचा ढीग. मला वरचा पलंग मिळाला. पहिले दोन दिवस कुणाशी बोलले नाही. रस्ता ओलांडायची भीती वाटायची, म्हणून एकाच बाजूने चालत राहिले आणि त्या बाजूची दुकानं पाठ झाली. खोटं कशाला बोलू, रडूही आलं. जिथे आपलं कुणी नाही तिथे काही झालं तर हाक कुणाला मारशील, असं बाबांनी विचारलं होतं आणि त्यानंतर माझ्याशी बोलणंच टाकलं. ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नव्हतं.

मग तिसऱ्या दिवशी माझ्या खालच्या पलंगावरच्या बाईच्या बॅगेची चेन जिन्यातच फाकली. ही बाई उंचच उंच. तिच्या देशात शाळेत शिकवते, म्हणून मी तिला मास्तरीण म्हणते. कपडे, पुस्तकं, दात घासायचा ब्रश, सगळं पायऱ्यांवर. आता मी पडले बॅगवाल्याची पोर, हात स्वस्थ बसतात होय? गल्लीच्या तोंडाशी एक छत्र्या दुरुस्त करणारे आजोबा बसतात. त्यांच्याकडे खुणांनी पक्कड मागितली. चेनवर सरकणारा रनर मागच्या अंगाने जरा जरा दाबला, दातांवर मेणबत्ती फिरवली आणि चेन चालायला लागली. मास्तरीणबाईंनी मला उचललंच. आजोबांनी चेन स्वतः उघडून मिटून पाहिली आणि बसायला स्टूल पुढे सरकवलं.

तेव्हापासून सकाळी मी शहर हिंडते, मास्तरीण सोबत असते, आणि रस्ता ओलांडताना ती माझी बाही धरते. दुपारी आजोबांच्या शेजारी त्या स्टुलावर. खोलीतल्या सगळ्या जणी आपापल्या बॅगा घेऊन येतात. भाषा म्हणशील तर मोडकं इंग्रजी आणि उरलेले हातवारे.

बाबा काही म्हणाले तर तसंच्या तसं कळव. नाही म्हणाले तरी कळव. लोभ आहे तेवढा ठेव आणि वर चिमूटभर घाल.

तुझी,
भिंगरी


१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि सॅक वाहून पाठ दुखत असेल तर तिलाही.

पत्र वाचलं. दोनदा, आणि मोठ्याने. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा समोर बसलेलं गिऱ्हाईक रडण्याच्या जागी हळहळलं, पण तुझा बाप ढिम्म. मान खाली, मशीन चालू. मात्र रनरचं वाक्य आलं आणि मशीन थांबलं. मी वर पाहिलं तर राजेश्री तेल घालायचं निमित्त करत होते. रात्री जेवताना भिंतीकडे बघून म्हणाला, की मागच्या अंगाने दाबला हे बरोबर केलं, पुढून दाबला असता तर तुटला असता. भिंतीला सांगितलं, बरं का. मी म्हटलं हे भिंतीला कळून काय उपयोग, तर वाटी उचलून आत गेला.

तो पाळण्यात होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. माणसाशी अबोला धरेल, पण वाईट शिवणीशी त्याला अबोला धरता येत नाही. मागे कुणीतरी बाहेरून कशीबशी शिवून घेतलेली बॅग घेऊन नुसता पत्ता विचारायला आला होता, तर ह्याने ती हिसकावून उसवली, फुकट शिवून दिली आणि वर त्यालाच बोलला. तेव्हा ऐक. पुढच्या पत्रात एखादं काम तू पार बिघडवलंस असं लिही. असं लिही की त्याला घास गिळवणार नाही. बघू किती दिवस गप्प बसतो ते. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकते आहे, तेव्हा त्याला सुगावा लागायची भीती नाही. थाप मारायचं पाप माझ्या नावावर.

बाकी इथे सगळे ठीक. तू नसताना दुकानात बडबड करायचं काम माझ्या एकटीवर पडलं आहे आणि माझा घसा बसला आहे. जपून राहा. लोभ मागू नकोस, न मागता चालूच आहे.

तुझी,
आत्या


२७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. सगळं ध्यानात आलं.

इथे धंदा जोरात आहे. काल मास्तरीणबाईंच्या बॅगेचा खांद्याचा पट्टा निघाला. त्या आता डोंगरात जायच्या आहेत, म्हणून घाई होती. मी साधा एकेरी दोरा घेतला आणि वरच्या कापडावर एक सरळ टीप मारून दिली. जरा ढिली वाटली, म्हणून वरून गोंद फासला. दिसायला झकास झालं आहे. इतक्यात होत असताना बाबा एका पट्ट्याला एवढा वेळ का घालवतात कोण जाणे.

दुसरी बातमी म्हणजे मागच्या आठवड्यात मला ताप होता. लिहिणार नव्हते, पण तुझ्यापासून काही लपवत नाही. वरच्या पलंगावरून धड उतरता येईना. मास्तरीणबाईंनी काही न विचारता आपला खालचा पलंग मला दिला आणि स्वतः त्या उंचीच्या बाई वर जाऊन वाकड्या होऊन झोपल्या. त्यांचे पाय रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर लोंबकळत असायचे. दुपारी मी स्टुलावर दिसले नाही म्हणून आजोबा विचारत विचारत खोलीच्या दारापर्यंत आले. आत यायला संकोचले, फळं दिली आणि दाराशीच उभे राहिले. औषधाच्या दुकानात तेच जाऊन आले. आत्या, मला कुणाला हाक मारावीच लागली नाही. तरी तापात मी हाक मारतच होते म्हणे. मास्तरीणबाईंनी विचारलं की हे बाबा बाबा म्हणजे काय. आता बरी आहे, काळजी नसावी.

पत्राची वाट पाहते. लोभ तुझ्याकडे आहेच, दुकानात आणखी कुणाकडे शिल्लक असेल तर तोही धाड.

तुझी,
भिंगरी


८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही. कामाचं लिहितो.

तो पट्टा आधी उसव. गोंद खरवडून काढ, नाहीतर सुई अडकते. मेण लावलेला दोरा दुहेरी घे. सुई आतल्या जाड पट्टीतून गेली पाहिजे, नुसत्या वरच्या कापडातून नाही. चौकोन शिवायचा आणि चौकोनाच्या आत फुली. बाईंना डोंगरात जायचं आहे, उतारावर सगळा भार त्या फुलीवर येतो. दोरा आणि दाभण पार्सलने पाठवतो आहे. छत्रीवाल्यांकडे रोज मागू नये, त्यांचाही धंदा आहे.

एवढं तुझ्या आत्याला वाचून दाखवलं. ती खूश होऊन आत गेली. आता पुढचं.

फुलीशिवाय पट्टा धरत नाही, हे तू शाळेत असताना गिऱ्हाइकांना सांगायचीस. एकेरी दोरा तुझ्या हातून सुईत जाणार नाही. ती ओळ ऐकली तेव्हाच समजलो की ही बनवाबनवी कुणाची. तिला सांगू नकोस, आपण मला फसवलं म्हणून ती कधी नव्हे एवढी आनंदात आहे.

पण तापाचं खरं होतं. तेही ऐकताना समजलं. त्या दिवशी मी एका बॅगेचा खिसा उलटा शिवला. ताप किती होता ते लिहिलं नाहीस. कुणा डॉक्टरला दाखवलं की नाही, तेही लिहिलं नाहीस. सगळं नीट लिही.

निघायच्या आदल्या दिवशी तू सॅक माझ्यासमोर ठेवलीस आणि चेन बघा म्हणालीस. मी ती बाजूला सारली. तुला राग आला असेल. मला भीती वाटत होती. ती कशी सांगतात ते मला येत नाही, म्हणून गप्प बसलो आणि मग गप्पच बसून राहिलो.

बाईंना आणि छत्रीवाल्यांना माझा नमस्कार सांग. तुला तिथे माणसं मिळणार नाहीत असं मला वाटलं होतं. मिळाली. बरं झालं. परत यायची घाई करू नकोस, शहर पुरतं बघून ये.

लोभ कमी झाला नव्हता. पुन्हा ताप आला किंवा नुसतंच बोलावंसं वाटलं, तर दुकानात फोन कर. मी बाहेर जाणार नाही. मीच उचलेन.

तुझे,
बाबा