क्लब कुणाच्या हाती

३ फेब्रुवारी, सोमवार

निवड झाली. एकमताने! म्हणजे दुसरं कुणी पुढे येईना, आणि मेव्हण्याने माझं नाव रेटलं.

मेव्हणा आमच्या फुटबॉल क्लबच्या समर्थक संघटनेचा सचिव. धंदा सलूनचा. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून मतं मांडायची सवय, म्हणून सभेतही त्याला कुणी मध्ये तोडत नाही. म्हणाला, "भावोजी एकतीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात होते. माणूस बघून सांगतात, फेडणार की बुडवणार!" खरं आहे ते. मी चपलांवरून सांगायचो.

म्हातारे मालक थकले, क्लब विकायला काढलाय. घेणारे दोघे. पण संघटनेच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही — कधीतरी भावनेच्या भरात त्यांनीच तसं लिहून ठेवलंय. आता पस्तावत असतील. तर दोघांपैकी कुणावर पैशाच्या बाबतीत विश्वास टाकायचा, ते मी तपासायचं. तीन आठवड्यांत अहवाल, मग मतदान.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "घरातला गळका नळ तीन महिने तपासताय."

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला उमेदवार येऊन गेला. नाव लांबलचक आहे, आम्ही सगळे 'चष्मेवाले'च म्हणतो. सोनेरी काडीचा चष्मा, बोलताना काढतात, ऐकताना घालतात. काढलेलाच जास्त वेळ होता.

पडद्यावर चित्रं दाखवली. चाळीस हजारांचं नवं स्टेडियम! आपल्याकडे चांगल्या सामन्याला तीन हजार येतात, त्यातले चारशे फुकटे. पण चित्रात सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मागच्या रांगेतला रिक्षावाला चित्रात स्वतःला शोधत होता.

मी उठून विचारलं, "पैसे कुठून येणार?"

चष्मा काढला. हसले. "सर, पैसा ही आधी मनाची तयारी असते."

टाळ्या! मला कळलं नाही कशासाठी. मीही दोन वाजवल्या, उगाच वाईट दिसायला नको.

९ फेब्रुवारी, रविवार

घरच्या मैदानावर ०-३. आपला गोलरक्षक तिसऱ्या गोलला पाठमोरा होता.

सामन्यानंतर मैदानाचा माळी भेटला. सव्वीस वर्षं हाच माणूस गवत कापतो, चुन्याच्या रेघा मारतो. खेळाडूंचा पगार दोन महिने थकलाय म्हणून सगळे हळहळतात, याचा चार महिने थकलाय हे मला आज कळलं. म्हणाला, "साहेब, कुणी का येईना. पगार देणारा येऊ द्या. तुमच्या हातात आहे म्हणे."

आहे खरं. बरं वाटलं ऐकून. आणि मग बरं वाटल्याचं बरं वाटेना.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुसऱ्या उमेदवार — बर्फवाल्या बाई. दोन बर्फाचे कारखाने, एक शीतगृह. त्या सभेला आल्या नाहीत, मलाच कारखान्यावर बोलावलं. स्वेटर घालून या म्हणाल्या. मी ऐटीत नुसत्या शर्टावर गेलो. दात वाजत होते. बाईंनी कामगाराचा जाड कोट दिला, त्याला अमोनियाचा वास. तो घालून मी बँकेचा माणूस असल्याचं त्यांना सांगत होतो!

मी काही विचारण्याआधीच समोर फायली. पाच वर्षांचे ताळेबंद, कराच्या पावत्या, बँकेचं पत्र. एकतीस वर्षांत इतके स्वच्छ कागद मी पाहिले नाहीत. संशय येण्याइतके स्वच्छ. दोन तास खोट शोधली. सापडली ती एक — एका पावतीवर चहाचा डाग.

बाई सरळ म्हणाल्या, "पहिली दोन वर्षं नवा खेळाडू नाही. आधी थकलेले पगार, मग पूर्वेकडच्या गॅलरीचं छप्पर. तो गोल मारणारा नऊ नंबरवाला विकावा लागेल. आणि खालच्या गटात गेलो तर गेलो."

"हे लोकांना असंच सांगणार?"

"मग कसं सांगायचं?"

निघताना त्यांनी विचारलं, मैदानावर बायकांसाठी किती संडास आहेत? मला माहीत नव्हतं. घरी येऊन हिला विचारलं. ही वीस वर्षं माझ्याबरोबर सामने बघते. म्हणाली, "एक. त्याला कडी नाही. मी मैत्रिणीला दाराशी उभी करते." वीस वर्षं!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चष्मेवाल्यांचं कार्यालय बघून आलो. आठव्या मजल्यावर, काचेचं. खुर्ची अशी की बसल्यावर उठायचा विचारच सुचत नाही. दारावर कंपनीची पाटी, चिकटपट्टीने लावलेली. एक कोपरा सुटला होता. मी सहज बोटाने उचलला — खाली केस-प्रत्यारोपण केंद्राची पाटी. चष्मेवाले म्हणाले, "आमचा समूह अनेक क्षेत्रांत आहे."

१५ फेब्रुवारी, शनिवार

कागदोपत्री कंपनीचा नोंदणीकृत पत्ता वेगळा आहे. रिक्षा करून गेलो. बघतो तर इस्त्रीचं दुकान!

इस्त्रीवाला भला माणूस. "हो हो, साहेबांची पत्रं माझ्याकडेच येतात. त्यांचे सूट पण." कपाटातून गठ्ठा काढून दाखवला. फोडायची गरजच नव्हती, लिफाफ्यांवरच वकिलांचे शिक्के. कर्ज बुडवणाऱ्यांना मी असे लिफाफे आयुष्यभर पाठवले आहेत.

"तुमचे इस्त्रीचे पैसे देतात का?"

इस्त्रीवाला म्हणाला, "देणार आहेत. क्लब मिळाला की."

१६ फेब्रुवारी, रविवार

चष्मेवाल्यांनी मला आणि हिला खास कक्षात बसवून सामना दाखवला. गादीच्या खुर्च्या, गरम कॉफी, समोर काच. आणि क्लबची जर्सी, पाठीवर माझं आडनाव, खाली १ नंबर! म्हणाले, "सर, आमच्याकडे सल्लागार मंडळ असेल. त्याचं अध्यक्षपद सांभाळायला अनुभवी माणूस हवाय."

घरी आल्यावर जर्सी घालून आरशासमोर उभा राहिलो. पोट आत घेऊन.

ही दारातून म्हणाली, "उतरवा ती. तुमचं वय काय, त्यांचं बोलणं काय!"

उतरवली. पण लगेच नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अहवाल लिहून झाला. चार पानं. चष्मेवाले — नको. बर्फवाल्या बाई — हो. कारणं क्रमवार. हिला वाचून दाखवला. ऐकता ऐकता तिने शेंगा सोलायच्या थांबवल्या. "चांगलं लिहिलंय," म्हणाली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हे वाक्य मी मोजून तिसऱ्यांदा ऐकतोय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गावात कुजबुज. मेव्हण्याच्या सलूनमध्ये दाढीला बसलो तर शेजारचा म्हणतो, बर्फवाली कंजूष आहे, बर्फातसुद्धा पाणी घालते. मी म्हटलं, बर्फ पाण्याचाच असतो. तर म्हणाला, "बघा, तुम्ही आताच तिची बाजू घेताय."

मेव्हणा वस्तरा चालवत म्हणाला, "भावोजी, लोकांना स्वप्न पाहिजे. तुम्ही त्यांना छप्पर देताय." मला मान हलवता येत नव्हती.

२३ फेब्रुवारी, रविवार

मतदान. शाळेचा हॉल खच्चून भरलेला. आधी बाई बोलल्या. सहा मिनिटं, सगळं खरं. 'नऊ नंबर विकावा लागेल' म्हटल्यावर हॉलमधून असा आवाज निघाला की जणू त्यांनी कुणाचं मूल मागितलं.

मग मी अहवाल वाचला. वाचला खरं, पूर्ण वाचला. इस्त्रीच्या दुकानाशी आलो तेव्हा हशा. मला वाटलं जिंकलो. पण मागून एकजण ओरडला, "पत्ता इस्त्रीचा असला म्हणून काय झालं? मोठी माणसं साधेपणाने राहतात!" टाळ्या. दुसरा, "लिफाफे आले म्हणजे व्यवहार मोठा आहे!" आणखी टाळ्या. मेव्हणा स्टेजवरून, हसत हसत, "भावोजी, कारखान्यातून बर्फ फुकट मिळाला का?" पावणेतीनशे माणसं हसली. मी चार पानांची घडी करून खिशात घातली.

शेवटी चष्मेवाले. भाषण केलंच नाही! फक्त पडद्यावर एक फोटो — देशाच्या संघातला तो डावखुरा, आपली जर्सी घातलेला. "बोलणी चालू आहेत," एवढंच म्हणाले. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. रिक्षावाला रडत होता. मलाही कसंतरी झालं, खोटं कशाला सांगू. माझ्या वडिलांनी मला या मैदानावर खांद्यावर बसवून आणलं होतं, तेव्हापासून आपण एकदाही काही जिंकलेलं नाही.

हात वर करून मतदान. चष्मेवाल्यांच्या बाजूने दोनशे छप्पन्न. विरोधात एकोणीस.

थकलोय. पुढे लिहवत नाही.

२० मार्च, गुरुवार

डावखुरा आला नाही. बोलणी चालू आहेत.

३० एप्रिल, बुधवार

नऊ नंबर विकला. चष्मेवाल्यांनी! पैसे क्लबच्या खात्यात आलेच नाहीत, असं क्लबचा हिशेबनीस माझ्या कानात सांगून गेला. सलूनमध्ये मेव्हण्याचं म्हणणं — ही मोठी खेळी आहे, आपल्याला आत्ता कळणार नाही.

१२ जून, गुरुवार

मैदानाला कुलूप. दारावर बँकेची नोटीस. क्लब विकत घेतल्या दिवसापासून मैदान गहाण होतं म्हणे — त्याच कर्जाच्या पैशाने क्लब घेतला! कार्यालयात फोन केला. एक बाई म्हणाली, इथे केस-प्रत्यारोपण केंद्र आहे, वेळ घेतली आहे का?

बर्फवाल्या बाईंना फोन लावायला मेव्हण्याने मलाच सांगितलं. लावला. बाई रागावल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "मी आता शाळेच्या मुलींचा संघ घेतलाय. त्यांच्या मैदानाला छप्परच नाही, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च नाही."

१५ जून, रविवार

संघटनेची तातडीची सभा. तोच हॉल. आणि मला अध्यक्ष केलं! मेव्हणा माईकवर हुंदका देऊन म्हणाला, "अडीचशे माणसं आंधळी झाली होती, तेव्हा भावोजींसारखे एकोणीस डोळस होते." सगळे उभे राहिले. एकोणिसांपैकी म्हणवणारे मी मोजले, निदान ऐंशी भरतील. रिक्षावाला तर म्हणाला, तो पहिल्यापासून विरोधात होता.

मी भाषण केलं. तत्त्व, धोक्याची सूचना, एकटं पडण्याचं धैर्य. बरं झालं भाषण. पहिल्या रांगेत ही बसली होती. टाळ्या वाजवत नव्हती. पर्स मांडीवर ठेवून बघत होती.

नंतर दारात माळी भेटला. त्याला काढून टाकलंय, एकूण आठ महिन्यांचा पगार बुडाला. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुम्ही तरी आमच्या बाजूने हात वर केलात साहेब." त्याच्या पाठीवर थोपटलं.

१६ जून, सोमवार

एकोणिसांत ही होती. मी नव्हतो. डावखुऱ्याचा फोटो आला, सगळे उठले, आणि माझा हात वर गेला — चार पानं खिशात असताना. आयुष्यभर लोकांना 'नाही' म्हणत आलो; एकदाच सगळ्यांबरोबर 'हो' म्हणावंसं वाटलं. हिने तेव्हाच पाहिलं होतं. आज सकाळी चहा ठेवताना एवढंच म्हणाली, "त्या माळ्याला तुम्ही सांगताय, की मी सांगू?"