दोघांचं काम

नागपूर, रविवार, फेब्रुवारी १९७८

सुमनच्या तेरवीनंतर आज पहिल्यांदा गाडीला हात लावला. ब्रेकचे लायनर पार झिजले आहेत. शेजारचा वसंता कुंपणावरूनच म्हणाला, "काहून त्रास करून राहिले काका? लकडगंजच्या मिस्त्रीले देऊन टाका न."

नाही दिली. सुमन म्हणायची, "गॅरेज कशाले जी, आपण दोघं नवराबायको आहो न."

डिकीतून जॅक काढला तर सोबत तिची उशी निघाली. पाय पेडलपर्यंत पोचायचा नाही म्हणून ती पाठीशी घ्यायची. सवयीनं सीटवर ठेवून दिली. कोणासाठी?

लायनर बदलले. एका चाकाचं सिलिंडर गळत होतं, तेही बदललं. मग पाइपातली हवा काढायची होती; त्यात एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी पाना फिरवायचा. चाकाशी आडवा झालो, पाना लावला आणि ओरडलो, "दाब!"

"दाबलं जी" ऐकू यायची वाट पाहत पडून राहिलो. किती वेळ, माहीत नाही. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. हाताला ब्रेक ऑइलचा वास येत होता, एवढंच.

शेवटी वसंताला हाक मारली. त्यानं उशी मागच्या सीटवर टाकली, ऐसपैस बसला आणि पेडल दाबलं. काम झालं.

संध्याकाळी एकटाच चक्कर मारून आलो. ब्रेक छान लागतात. उशी पाठीशी घेतली होती. गुडघे सारखे स्टेअरिंगला लागत होते. काढली नाही.