तीन अक्षरांची जागा

बिश्केक, ६ मार्च

ती. बुबुश एजेस,
सलाम वि. वि.

टॅक्सीवाल्याकडून दह्याचे वाळवलेले कुरुत पोचले. मुलांनी दगड समजून बाजूला सारले, मी एकटीच चोखत बसले. तुझ्या कॉम्प्युटरने अखेर मान टाकली म्हणे. नवा मी पाठवणार, नाही म्हणायचं नाही. कशासाठी हवा तेवढं कळव, दुकानात पहिला प्रश्न तोच असतो. हलका हवा की मोठ्या पडद्याचा? निवृत्त बाई गेम खेळणार असतील तर तेही लिहावं!

लोभ आहे तसाच असू दे, एजे.
तुझी धाकटी बहीण,
कानिशाय

*

कोक-जार, १५ मार्च

चि. कानिशायस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसती हो हो करतेस, म्हणून लिहून पाठवते. बॅटरी टिकणारी हवी, इथली वीज तुला ठाऊक आहे. अक्षरं मोठी दिसावीत. कॅमेरा नसला तरी चालेल, माझं तोंड माझ्या ओळखीचं आहे. आणि कीबोर्डवर आपली तीन किरगिझ अक्षरं हवीत, नुसत्या रशियनवर ती नसतात.

आई म्हणायची ती विलापगीतं उतरवून काढतेय. जूनमध्ये तिचं वर्ष. लेकींना गावं लागेल. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा युर्तच्या तंबूत तू माझ्याशेजारी भिंतीकडे तोंड करून गप्प बसलीस. बायका काय बोलल्या ते सोड. यंदा तुझ्या हातात कागद असेल.

मुलांना पापे.
तुझी एजे

*

कोक-जार, २० एप्रिल

चि. कानिशायस,
अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटर आला. काय देखणा, गं! शेजारीण म्हणाली, हा तर नवरीच्या आहेरातला दिसतो. बॅटरीही टिकते. फक्त ती तीन अक्षरं राहिली. ‘आईचा आवाज’ लिहायला जाते आणि ‘आईचं पीठ’ होतं, आपल्याकडे एका अक्षराचाच तर फरक. दुकानदार विसरला असेल बिचारा. त्याला रागावू नकोस.

तुझी एजे

*

बिश्केक, २७ एप्रिल

ती. एजेस,
सलाम वि. वि.

दुकानदार विसरला नव्हता. त्याने विचारलं होतं, किरगिझ अक्षरं घालून देऊ का, अर्धा तास थांबा. मी म्हणाले, राहू द्या, आमच्या घरी लागत नाहीत. आमच्या घरी! तुझं पत्र तेव्हा पर्समध्ये होतं. रंग निवडण्यात मात्र मी तास घालवला होता.

आणखी एक. मी सगळ्यांना सांगत आले की युर्तमध्ये माझा गळा दाटून आला होता. तो दाटला नव्हता, एजे. मला शब्दच येत नव्हते. शहरात आल्यावर मी ते टाकूनच दिले होते.

कुणाकडून तरी अक्षरं घालून घे. नाहीतर मी येते.

रागावलीस तरी चालेल, पण लिही.
कानिशाय

*

कोक-जार, १० मे

चि. कानिशायस,
अनेक आशीर्वाद.

गळा दाटला नव्हता हे मला त्याच दिवशी कळलं होतं. शेजारीच तर बसले होते.

शाळेतले मास्तर म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे. मी त्यांना चहा पाजला, सायीचा कायमाक-पाव खाऊ घातला आणि परत पाठवलं. सोबत विलापगीतांची एकोणीस पानं छापून पाठवतेय. त्या तीन अक्षरांच्या जागा सगळीकडे मोकळ्या सोडल्यात. पेनाने भर. अडलीस तर ओळ मोठ्याने म्हणून बघ, आणि मुलांसमोर म्हण, लाजू नकोस.

तुझी एजे

*

बिश्केक, २ जून

ती. एजेस,
सलाम वि. वि.

अठरा पानं भरली. धाकटा विचारतो, आई, तू कुणाशी भांडतेस?

एकोणिसाव्यावर ती ओळ आली: घर भरलंय, फक्त तुझा आवाज नाही. मोकळ्या जागी माझ्या हाताने सवयीचं रशियन अक्षर भरलं आणि झालं ‘तुझं पीठ नाही’. चांगलीच शरमले. खोडायला पेन उचललं, आणि कोपरापर्यंत पिठाने माखलेले आईचे हात डोळ्यांपुढे आले. मळताना ती काहीतरी गुणगुणायची, आठवतं? तेच होतं हे. हीच ओळ. आजी गेल्यावर तिच्यासाठी म्हणायची ती, आणि मी टेबलाखाली बसून ऐकायचे.

चाल मला येतेय, एजे.

ते अक्षर खोडलंय, दुसरं लिहिलेलं नाही. शनिवारी पोचते. ती जागा युर्तमध्ये तोंडाने भरेन. तू शेजारी बस, आणि गप्प झाले तर चिमटा काढ.

तुझीच,
कानिशाय