नलूच्या डोळ्यांतली पिवळी झाक

मुलुंड, ३ एप्रिल १९८७

प्रिय चंद्रप्रकाश,
सप्रेम नमस्कार.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. इथे उन्हाळा असा चढलाय की पेन धरायचाही कंटाळा येतो. लवूदादा नाहूरच्या कारखान्यात पाळीला जातो, सुलक्षणावहिनी बालवाडी आणि घर दोन्ही ओढते, आणि मी माहेरवाशीण दिवसभर खाटेवर. बर्मिंगहॅमच्या वॉर्डात इतकी वर्षं लोकांची उठबस केली, आता वहिनी माझी करते.

तू विचारायच्या आधीच सांगते, ते तेलकट औषध सकाळ-संध्याकाळ दुधात ढवळून घेते. त्याचा वास वहिनीच्या पेल्यांना लागलाय. त्याच्यामुळे गालांवर लव वाढलीय. शेजारची द्रौपदीकाकू म्हणाली, नलू, तुला दाढी येतेय गं. मी हसले. ऑपरेशनला वर्ष होत आलं. दुसऱ्या कुणाचं लिव्हर पोटात घेऊन हसता येतंय, हेच खूप.

अंगाला खाज सुटते, ती घामोळ्यांची. थकवा आहे, तो उन्हाचा. उगाच डॉक्टरांना फोन करू नकोस. डब्यातली सूपं पिऊन राहू नकोस, वरण-भात लाव.

तुझी,
नलू

मुलुंड, ११ एप्रिल १९८७

ती. चंद्रप्रकाश भावोजींना,
सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र नलूला न सांगता लिहितेय. काल दुपारी गॅलरीत तिच्या केसांना तेल लावत होते. तिने मान वर केली आणि उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला. विचारलं तर म्हणाली, वहिनी, ऊन पडलंय डोळ्यांवर. ऊन माझ्याही डोळ्यांवर होतं, भावोजी. मी तिथेच आरसा आणून बघितलं. माझे पांढरेच होते.

तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. दंडांवर खाजवल्याचे ओरखडे आहेत, पण घामोळं कुठे दिसत नाही. दोन घास खाऊन ताट सारते. संध्याकाळी अंग कोमट लागतं. थर्मामीटर मागितला तर म्हणते फुटला. ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, ती नर्स आहे, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तिच्या डॉक्टरांनी काय काय बघायला सांगितलंय, ते मला साध्या मराठीत लिहा. बालवाडीतून आले की मीही गळून जाते. पण आता डोळा लागत नाही.

लोभ आहेच, सोबत जरा घाईही असू द्या.

आपली,
सौ. सुलक्षणा

बर्मिंगहॅम, २१ एप्रिल १९८७

सौ. सुलक्षणावहिनींना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज आलं. बस डेपोतून येऊन जिन्यातच वाचलं आणि डॉक्टरांना फोन केला. तुम्हाला तारही करतोय, ती आधी पोचेल.

डॉक्टर म्हणाले, शरीर परकं लिव्हर कधीही नाकारू शकतं, वर्ष झालं म्हणून सुटका नाही. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, शौच फिकट, खाज, ताप, उजव्या कुशीत दुखणं. यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासायचं. तिची औषधं अंगाची ताकद मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे तिचा साधा तापही साधा नसतो. आणि ती औषधं कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाहीत.

वहिनी, तिला वाटतं मी थकलोय. थकलोय, हे खरं आहे. पण थकणं वेगळं आणि नकोशी होणं वेगळं. ते तिला माझ्या तोंडून पटत नाही. तुम्ही सांगून बघा.

लवूदादांना नमस्कार. तुमची माया आहे म्हणून इथे तग धरून आहे.

आपला,
चंद्रप्रकाश

मुलुंड, २३ एप्रिल १९८७

ती. भावोजींना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची तार काल आली, तेव्हा आम्ही हॉस्पिटलात होतो. काळजी करू नका असं लिहिणार नाही, पण सगळं सांगते.

रविवारी द्रौपदीकाकू आली. म्हणाली, ही कावीळ. भांडुपला एकजण झाडपाल्याचं औषध देतो, पण बाकीची औषधं बंद करावी लागतात. मला वाटलं, नलू तिला उडवून लावेल. तर ही लगेच साडी बदलायला उठली! नर्स असून ही औषधं बंद करायला हो म्हणते, म्हणजे हिला काय झालंय ते हिला माहीत आहे.

काकूला घरी पाठवलं आणि नलूला विचारलं, लघवीचा रंग कसा आहे गं? मग म्हणाली, वहिनी, मला परत त्या ऑपरेशनच्या टेबलावर जायचं नाही. तुम्ही सगळे दमलात, मीपण दमले. मी म्हटलं, दमलीस तर झोप, उठवायला मी आहे. पण मला फसवून मरायचं नाही, माझ्या घरात तर नाहीच. मग दोघी रडलो. ह्यांनी टॅक्सी आणली.

इथल्या डॉक्टरांनी असा पेशंट कधी पाहिला नव्हता. त्यांनी तसं मोकळेपणी सांगितलं आणि तिच्या तिकडच्या हॉस्पिटलच्या कार्डावरच्या नंबरवर इंग्लंडला फोन लावून घेतला. सुईने लिव्हरचा बारीकसा तुकडा काढून तपासला. शरीर नाकारतंय, असंच निघालं. मोठी इंजेक्शनं चालू आहेत. उतार पडेल की नाही, आज कुणी सांगत नाही.

तिच्या खाटेपाशी स्टुलावर बसून लिहितेय. ती झोपलीय. तारेत म्हटलंय ते तुमचं सविस्तर पत्र आलं की तिलाच वाचायला देईन.

आपली,
सौ. सुलक्षणा

मुलुंड, १६ मे १९८७

प्रिय चंद्रप्रकाश,
सप्रेम नमस्कार.

घरी आले. इंजेक्शनं लागू पडली, खाज गेली. लिव्हरला थोडी इजा राहील म्हणतात. मी पहिल्यासारखी होणार नाही, पण आहे.

तुझं पत्र वहिनीने माझ्या हातात ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वॉर्डात अशा बायकांना मी ओरडायचे, आधी का नाही आलात म्हणून. त्या खाली बघायच्या. आता कळतं त्यांचं. दुखण्याची भीती वाटत नाही रे. परत सगळ्यांनी आपल्याभोवती उभं राहायचं, ते सोसत नाही. तुला मोकळं करावं, असंही मनात होतं. तुला न विचारता.

जूनच्या अखेरीस मी परत येते. तपासण्या तिथेच व्हायला हव्यात. आनंदाने येते असं लिहिलं तर खोटं होईल, पण कुणी ढकललं म्हणूनही येत नाही. वहिनीने राहा म्हटलं होतं, मीच नाही म्हटलं.

विमानतळावर ये. मला चालायला वेळ लागतो. पुढे जाऊन थांबू नकोस, बरोबर चाल.

तुझी,
नलू