लास्ट कोणी म्हणायचं

१४ मार्च, मंगळवार
हेकनशॉ रग्बी क्लब सोडला. कायमचा. केन सगडनला तोंडावर सांगितलं की तुझं कोचिंग हे कोचिंग नाही, भोंगा आहे. मी चड्डी सांभाळत पळत होतो तेव्हापासून हा माणूस टचलाइनवरून माझ्या नावाने ओरडतो आहे. डावीकडे बघ. आता नको. आता दे. झोपलास का रे. मी हाफबॅक आहे, टीमचा मेंदू. मेंदूवर कोणी ओरडतं का?
केनला धक्का बसला असणार, पण दाखवला नाही. मोजे धुऊन परत कर, एवढंच म्हणाला.

१५ मार्च, बुधवार
थॉर्पली क्लबने हाफबॅकची सात नंबरची जर्सी दिली. क्लब टेकडीच्या पलीकडेच आहे, पण हवा वेगळी वाटते. मोकळी.
एरिन वाईट वाटून घेणार. एरिन म्हणजे केनची मुलगी, त्यात तिचा दोष नाही. हेकनशॉच्या मॅचला पाण्याच्या बाटल्या घेऊन तीच मैदानात धावते. मला बाटली देताना ती एक क्षण जास्त थांबते. हे बाकी कोणाच्या लक्षात आलेलं नाही.
तिला मेसेज केला: क्लब सोडला, माणसं सोडली नाहीत. उत्तरात अंगठा आला. नुसता अंगठा. पण अंगठ्यात बरंच काही असतं.

१६ मार्च, गुरुवार
पहिली प्रॅक्टिस. नवा कोच जूलियन प्रॉक्टर. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. घडीची खुर्ची टाकून बसतो, मांडीवर चहाचा थर्मास. ओरडत नाही. मी चुकीचा पास दिला तर जवळ येऊन विचारतो, "तुला काय दिसलं, जोएल?"
वा! माझ्या आयुष्यात मला काय दिसलं हे पहिल्यांदाच कोणी विचारलं.
संकल्प: या सीझनचा सर्वोत्कृष्ट खेळाडू व्हायचं. बक्षीस घेताना केनचं नाव मुद्दाम घ्यायचं नाही. एरिनचं घ्यायचं.

२५ मार्च, शनिवार
हरलो. दोष फॉरवर्डांचा.
पाचव्या टॅकलनंतर हाफबॅकने किक मारायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्यांच्या हातात जातो. मला हे ठाऊक नाही असं नाही. पण आज तीनदा मी चेंडू काखेत घेऊन पळत असताना रेफरीने शिट्टी वाजवली. सहा झाले. मला चार वाटले होते.
मोजणं हे मेंदूचं काम नाही. मेंदू कल्पना करतो. आमच्याकडे पाचवा टॅकल झाला, शेवटची संधी उरली, की कोणी "लास्ट!" म्हणून ओरडत का नाही, हे मी पुढच्या फळीतल्या आमच्या जाड्या प्रॉपला विचारलं. तो म्हणाला, अरे, ते सातनंबरवाल्यानेच ओरडायचं असतं ना.
या क्लबात शिस्त नाही.

२८ मार्च, मंगळवार
झोप येत नाही. ज्या गाद्यांच्या कारखान्यात मी काम करतो तिथे दिवसभर दुसऱ्यांच्या झोपेची सोय करतो आणि घरी येऊन खोलीत येरझाऱ्या घालतो. खिडकी, पलंग, दार. दार, पलंग, खिडकी. आई खालून विचारते, वर घोडा बांधलास का.
तिला सांगितलं की जूलियन चांगला आहे, पण कधीच काही बोलत नाही, त्याने डोकं फिरतं. आई बटाटे सोलत म्हणाली, "कॉलेजात सर बोलले म्हणून कॉलेज सोडलंस. केन बोलतो म्हणून केन सोडलास. आता हा बोलत नाही म्हणून चिडतोस. तुला हवाय तरी काय, रेडिओ?"
कॉलेजची गोष्ट वेगळी होती. सर म्हणाले, तू ऐकत नाहीस. मी पाना तिथेच टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो. प्लंबिंगचं नुकसान झालं, माझं नाही.

२२ एप्रिल, शनिवार
पुन्हा हरलो. मैदान उतरतं होतं. शिवाय वारा.
किक मारल्या, पण लवकर. एक तर पहिल्याच टॅकलनंतर. धोका नको म्हणून.
जूलियनने विचारलं, तुला काय दिसलं. मला काहीच दिसलं नाही, मला ऐकू आलं नाही, असं तोंडातून निघून गेलं. त्याने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, हेकनशॉची मॅच होऊ दे, मग सात नंबरचं बसून बघू.
'बघू' म्हणजे माझ्याभोवती टीम कशी बांधायची ते बघणार. आई म्हणते, बघू म्हणजे बेंच.

२७ एप्रिल, गुरुवार
बातमी: हेकनशॉत माझ्या जागी फिन बॅरक्लफ खेळतो. लांबलचक पोरगा, कान माशाच्या कल्ल्यांसारखे. केन त्याच्यावर ओरडत नाही म्हणे. गरजच पडत नाही म्हणे.
कळकळीने ओरडायला समोर कोणीतरी लायक लागतो. केनचा माझ्यावर जीव होता, हे आता कळतं. तरी परत जाणार नाही. तो येऊन म्हणाला तर विचार करीन.
तो आलेला नाही.

१३ मे, शनिवार
आज आमची मॅच नव्हती. सहज म्हणून सायकलने टेकडी ओलांडली आणि सहज म्हणून हेकनशॉच्या कुंपणापाशी थांबलो. केन ओरडत होता. डाव्या विंगरला चिडवत होता की तुझ्यापेक्षा माझी सासू लवकर वळते, आणि तिचा खुबा बदललाय. अंगावर काटा आला. थंडी होती.
एरिन दिसली. हसली. मला की फिनला, ते ऊन डोळ्यावर असल्याने नक्की कळलं नाही. मलाच असणार, फिन चाळीस यार्डांवर होता.
संकल्प: पुढच्या शनिवारी त्यांच्याच मैदानावर त्यांना हरवायचं. मॅच संपल्यावर चिखलाच्या अंगानेच एरिनकडे जायचं आणि विचारायचं. काय विचारायचं ते आयत्या वेळी सुचेल, मी उत्स्फूर्त खेळाडू आहे. या मॅचमध्ये मी कोणत्याच कोचचं ऐकणार नाही. फक्त तिचं. एरिनचा आवाज मी हजारांत ओळखेन.

१९ मे, शुक्रवार
कारखान्यात एका गादीला उलटं कापड लावलं. फोरमन ओरडला. बरं वाटलं.

२० मे, शनिवार, सकाळ
अंडं खाल्लं नाही. आई हेकनशॉचा मफलर घालून येणार आहे. म्हणते, आमचं घर चार पिढ्या हेकनशॉचं आहे, तू तेवढा आजारी पडलास.
आज सगळ्यांना दिसेल.

२० मे, संध्याकाळ
सगळ्यांना दिसलं.
लिहून टाकतो. शेवटची पाच मिनिटं, आम्ही दोन पॉइंटांनी पुढे. हे कोणी लक्षात ठेवणार नाही, म्हणून इथे लिहितो. पुढे होतो, आणि माझ्यामुळे होतो. मी आज मोजत होतो. बोटं दुमडून. चेंडू आमच्याकडे, आमच्याच अर्ध्यात. फक्त धरून ठेवायचा होता. दुसरा टॅकल झाला. दोन बोटं दुमडलेली होती, शपथ.
आणि टचलाइनवरून तो भोंगा वाजला. "लास्ट! मार, जोएल!"
मी मारली.
सीझनमधली माझी सर्वांत सुंदर किक. पायाला चेंडू लागल्याचं कळलंसुद्धा नाही. ती फिन बॅरक्लफच्या छातीवर अलगद जाऊन बसली. त्याला वाकावंही लागलं नाही. तो पळाला, कान मागे टाकून, आणि थेट आमच्या गोलखांबांच्या मधोमध चेंडू टेकवला. मॅच गेली.
मैदान हसलं. दोन्ही बाजूंनी.
शिट्टी झाल्यावर मी केनकडे गेलो. भांडायला. ही लबाडी आहे म्हणणार होतो. तो माझ्या आधीच बोलला. चेहरा पार उतरलेला. "पोरा, तोंडातून निघून गेलं रे. इतकी वर्षं तुझ्यावर ओरडलोय. तू चेंडू घेऊन थबकलास की माझं तोंड आपोआप उघडतं. तो लास्ट नव्हता, दुसरा होता, मलाही माहीत होतं." मग जरा चिडून म्हणाला, "पण तू का ऐकलंस? आयुष्यात कधी ऐकलं नाहीस, आणि आज ऐकलंस?"
मी खाली वाकून मोजे वर ओढले.
एरिन बाटली घेऊन आली. मी त्यांचा खेळाडू नाही तरी. हाच तो क्षण, असं मला वाटलं. मी म्हटलं, एरिन, आज मी जे काही खेळलो ते...
ती म्हणाली, "मी ओरडत होते, जोएल. नको मारूस, दुसराच आहे, म्हणून. बाबांच्या शेजारीच उभी होते. बाबांपेक्षा मोठ्याने."
मी म्हटलं, मला नाही ऐकू आलं.
"माहीत आहे," ती म्हणाली. "कधीच येत नाही." बाटली माझ्या हातात ठेवली आणि गेली. एक क्षणही जास्त थांबली नाही. फिनला बाटली देताना थांबली की नाही, ते मी पाहिलं नाही. थांबली.

२१ मे, रविवार
गोंगाट फार होता. कोणालाच ऐकू आलं नसतं.

२३ मे, मंगळवार
जूलियनला जाऊन सांगितलं की माझ्यावर ओरडा. त्याने विचार करून विचारलं, काय ओरडू? मी म्हटलं, टॅकल मोजा आणि पाचव्याला लास्ट म्हणा. त्याने थर्मास खाली ठेवला, उभा राहिला, घसा साफ केला. प्रॅक्टिसमध्ये दोन-तीनदा आवाज आला, "जोएल, लास्ट असावा. तुला काय वाटतं?"
मला काही वाटेपर्यंत शिट्टी झाली होती.
सात नंबर शनिवारपासून वेनला. वेन छत्तीस वर्षांचा आहे आणि त्याचा गुडघा वाजतो, पण तो मोजतो. मी बेंचवर. जूलियन म्हणाला, बेंचवरून खेळ छान दिसतो, मग काय दिसलं ते मला सांग.
एरिनला मेसेज केला: पुढच्या वेळी ऐकेन. अंगठा आलेला नाही. नेटवर्क खराब असेल.
संकल्प: आता मी कोणाच्या हाकेवर चालणार नाही. आतला आवाज, फक्त...
आई जिन्याखालून काहीतरी म्हणत होती. मी लिहीत होतो. मग ती ओरडली, "लास्ट!"
वही टाकून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पोचलो. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा होता.