येळवशीचा वाटसरू

२१ डिसेंबर २००८, रविवार

घराला छतच न्हाई! माळवद पाडलं, काल नवा स्लॅब ओतला, तो वाळेपर्यंत खाली सगळ्या टेकूच्या बल्ल्याच बल्ल्या. राहायचं कुठं? तर रानात! अप्पा, आई, मी, दोन ट्रंका, एक कोंबडी अन् पिठाचा डबा — बैलगाडीत बसून इकडं आलो. आठवडाभर इथंच. येळवस शनिवारी हायेच, अमावस्येला रानात पांडव पुजायला खोप घालायचीच होती, अप्पानं जरा मोठी घातली एवढंच. कडब्याची, तोंड उगवतीला. दारातून आमच्या कानडी सीमेवरच्या कल्याणच्या किल्ल्याचा बुरूज दिसतो.

आई कपाळाला हात लावून बसलीय. "लोकं स्लॅबच्या घरात जायलेत अन् आम्ही कडब्यात!"

मी मनातल्या मनात फुगडी घालायलेय.

२२ डिसेंबर

काय दिवस गेला! विहिरीच्या मोटरीखाली आंघोळ — पाणी कोमट, वारा गार, मी ओरडतच न्हाले. मग हरभऱ्याचे ढाळे उपटून हुळा भाजला. हात काळे, तोंड काळं. आई म्हणाली, "बी.ए.ला हाय म्हणावं ही, कुणाला पटंल?" दुपारी तुरीच्या सावलीत पडले ते ऊन तोंडावर आल्यावरच उठले. कॉलेजला सुट्टी, घरात झाडायला घरच न्हाई. असं सुख मला कधी मिळालं न्हाई बाई.

अप्पा तर वेगळाच माणूस झालाय. घरी कुशीवर कुशी बदलतो, इथं घोंगडी टाकली की घोरायला सुरू. म्हणतो, "माझा बाप मेंढरामागं जलमभर रानातच झोपला. आपल्याला छत मानवत न्हाई." आई म्हणाली, "मग स्लॅब कुणासाठी घातला, कोंबडीसाठी?"

मोबाईलला रेंज कुठं येते, शोधलं. फक्त कडब्याच्या गंजीवर, तेही उभं राहिल्यावर! अमरदीपला मिस कॉल दिला. त्यानं दिला. मी परत दिला. गंजीवरून घसरून पडले. काही लागलं न्हाई.

२३ डिसेंबर

आज हसू न्हाई.

पुण्याहून अण्णाचा फोन. माझा भाऊ नागराज, तिकडं कंपनीत हाय. त्याच्याच खात्यातला एक पोरगा, आपल्याच धनगराचा, पुण्यात स्वतःचा फ्लॅट. अमावस्या सरली की रविवारी बघायला येणार! अप्पा गंजीखाली उभा राहून "व्हय, व्हय" म्हणत होता, मी वरून स्पीकर लावून फोन धरला होता. माझ्याच लग्नाचं बोलणं, अन् मीच टॉवर!

अमरदीप एक तारखेला हैदराबादला नोकरीवर हजर व्हायचाय. त्याच्या घरचे बौद्ध, आम्ही धनगर. दोन वर्षं झाली, बसस्टँडवर भेटतो अन् बोलतो, त्यापुढं काही न्हाई. घरात कुणाला सांगू? सोयरीक जातीबाहेर आमच्यात कुणी केलीच न्हाई. मला पुण्याचा नको, फ्लॅट नको. मला अमरदीपच पाहिजे. लिहून टाकलं. बास.

२४ डिसेंबर

सुचलं! सुचलं! सुचलं!

गूळ-तीळ आणायला कल्याणला गेल्ते. बसस्टँडवर अमरदीप भेटला. मी म्हणाले, "येळवशीला आमच्या बांधावरून जा." तो म्हणाला, "कामून?" अरे मठ्ठ्या! येळवशीला वाटेनं जाणारा कुणीबी असू दे, न जेवता पुढं सोडत न्हाईत. हात धरून खोपीत बसवतात. अप्पाला तर बांधावरून माणूस उपाशी गेला तर वर्षभर चैन पडत न्हाई. म्हणजे अप्पाच त्याला बोलावणार, अप्पाच वाढणार! मग यानं गोड बोलायचं, हैदराबादचं सांगायचं. एकदा तोंडओळख झाली की पुढचं पुढं.

"गाडीवर नको," मी म्हणाले. "भुर्रकन गेलास तर कोण थांबवंल? किल्ल्याकडून चालत ये."

"मी पांडवांना हात जोडणार न्हाई हं."

"तुला जोड म्हणतंय कोण? जेव!"

परतताना शेजारच्या रानातली मल्लव्वा अक्का स्टँडवर दिसल्यासारखी वाटली. नसंल.

२५ डिसेंबर

मल्लव्वा अक्का बांधावर बसून अप्पाशी लई वेळ बोलायलीती. कानडीत, हळू. मी गेले की ज्वारीचा भाव.

२६ डिसेंबर, शुक्रवार

पाठ मोडली! शेंगा सोलून, वाल निवडून, ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबिलीचं डेरं भरलं. उद्या या शेंगा-वालाची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, तिळाच्या पोळ्या. आई अन् मी गाणीबिणी म्हणत कामाला लागलोतो, तेवढ्यात अण्णाचा फोन: रजा न्हाई. कंपनीत मंदी, रजा मागेल त्याला घरी बसवायलेत. रविवारी तो पाव्हणा एकटाच येणार म्हणे.

आई रडलीच. मग म्हणाली, "हेंडगा कोण फिरवणार?"

खरंच की! दिवस मावळताना कडब्याची ती पेंढी पेटवून रानाभोवती पळायचं, दरसाल अण्णा पळतो. घरच्याच माणसानं फिरवायचा, परक्याच्या हाती देत न्हाईत. अप्पाचा गुडघा तर बसता-उठता कुरकुरतो. म्हणाला, "मी पळतो." आई म्हणाली, "पळा की. मी मागून पाटी घेऊन येते, जिथं पडाल तिथून भरून आणते."

अप्पा हसला न्हाई. मधूनच विचारतो, "नरसिंग मास्तर अजून कल्याणातच राहतेत व्हय?"

माझ्या हातातली शेंग पडली. अमरदीपचे वडील! "असतील," मी म्हणाले. कामून विचारलं असंल?

२७ डिसेंबर, येळवस

पूजा झाली, रानात आंबील शिंपून झाली. मी गंजीवर. किल्ल्याच्या वाटेला पांढरा शर्ट दिसायलाय! आला! आला!

दिसंना झाला. कुठं गेला?

परत दिसला. परत गेला!

२८ डिसेंबर, रविवार, सकाळ

हसू का रडू?

माझ्या डोक्यात एवढी साधी गोष्ट आली न्हाई — किल्ल्यापासून आमच्यापर्यंत दुसऱ्यांची रानं न्हाईत का? अन् येळवस काय फक्त आमच्यात असती? पहिल्या रानात धरला, बसवला, जेवू घातला. दुसऱ्यात धरला. तिसऱ्यात दोघांनी दोन हात धरले. शेवटी मल्लव्वा अक्का आडवी आली, "बा तम्मा, ऊटा माडु!" जेव म्हणजे जेवच. तिनं तर आंबिलीचे तांबेच्या तांबे पाजले.

आमच्या बांधावर आला तेव्हा माझा हिरो पोट धरून चालायलाता.

अप्पा बांधावर उभाच होता. "या पाव्हणं, जेवायला."

आता लाजतलाजत हो म्हणायचं की न्हाई? हा म्हणाला, "न्हाई काका, आता तीळभर जागा न्हाई!"

मला वाटलं, भुई फाटावी. अप्पाचं तोंड लाल. "मल्लव्वाच्या खोपीत जेवलास अन् आमच्यात न्हाई? आमच्यात काय माती शिजवलीय? कुणाचा तू?"

"नरसिंग मास्तरांचा. अमरदीप."

आईची पळी भज्जीतच थांबली. अप्पानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "मास्तरनं आमच्या नाग्याला ओसरीवर बसवून दहावी पास केलं. एक पैसा घेतला न्हाई. अन् मास्तरचं पोरगं माझ्या बांधावरून उपाशी जाणार?"

"उपाशी न्हाई काका, फुगलोय!"

आई फिस्सकन हसली. अप्पा हसला न्हाई, पण त्याच्या मिशा हलल्या. खांद्याला धरून खोपीत बसवलं, स्वतः वाढलं, स्वतः समोर ताट घेऊन बसला. बिचारा एकेक घास गिळायलाता, डोळ्यात पाणी, अन् माझ्याकडं अशा नजरेनं बघायलाता — मी तुरीत पळाले, तोंडात ओढणी कोंबून हसले. परत येऊन बघते तर काय? हैदराबाद न्हाई, नोकरी न्हाई, गोड बोलणं न्हाई — गडी अप्पाच्या घोंगडीवर आडवा, अन् ढाराढूर घोरायलाय! आंबील चढली!

आईनं हळूच विचारलं, "ओळखीचा हाय व्हय गं?"

"कॉलेजला जाता-येता बघितलंय," मी म्हणाले. आईनं माझं तोंड वाचलं. मग तिचं हसू गेलं. भांडी आपटायला लागली.

दिवस मावळतीला आला. शेजारच्या रानांतून हेंडगे पेटायला लागले, पोरं ओरडायली. अप्पानं आमची पेंढी उचलली, चार पावलं टाकली अन् गुडघा धरून खाली बसला. मी म्हणाले, "अप्पा, मी पळते." त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उठला, लंगडत खोपीत गेला अन् अमरदीपला गदागदा हलवलं.

"ए मास्तराच्या! ऊठ. हेंडगा घे."

आई धावली. "अवो, घरच्या माणसानं—"

"ठावं हाय मला," अप्पा म्हणाला.

अमरदीप डोळे चोळत, केसात कडबा, अनवाणी. काही कळलं न्हाई त्याला, पण पळाला! तुरीच्या कडेनं, हरभऱ्याच्या कडेनं, पाटात घसरून गुडघाभर चिखलात, परत उठून, पांढऱ्या शर्टाची बाही जळाली तरी हेंडगा खाली टाकला न्हाई. मल्लव्वा अक्का तिच्या बांधावरून टाळ्या वाजवायलीती. मी गंजीवर उभी राहून ओरडत होते. काय ओरडले, आठवत न्हाई.

जाताना अप्पानं त्याला आपली घोंगडी दिली, थंडी होती म्हणून. मग खोपीत येऊन भिंतीकडं तोंड करून झोपला. आज तो पुण्याचा येणार. हिरवी साडी नेस म्हणालीय आई. मी नेसणार न्हाई.

२८ डिसेंबर, दुपार

अप्पा स्वतः गंजीवर चढला. त्या गुडघ्यानं! मी खालून ढकललं. मला म्हणाला, "नाग्याला लाव." लावला.

"नाग्या, त्या पाव्हण्याला म्हण, अर्ध्या वाटंवर असला तरी माघारी फिर. कामून म्हंजे? काल आपला हेंडगा ज्यानं फिरवला, तो आता परका न्हाई म्हणून."

फोन ठेवला अन् माझ्याकडं न बघता म्हणाला, "मल्लव्वानं मला गुरुवारीच सांगितलंय समदं."

आई सकाळपासून माझ्याशी बोलंना. पण आत्ता बघितलं तर मास्तरांच्या घरी न्यायला उरलेल्या भज्जीचा डबा भरायलीय. हिरवी साडी तिनंच नेसलीय.