अडतीस टक्क्यांवरचा पाय

सोमवार, ४ मार्च

तीनशे वीस हॉर्सपॉवर पाहिजेत म्हणे! मूळचे दोनशे पंचेचाळीस. मी म्हटलं, “डॉक्टर, इंजिन आहे, कवळी नाही. सांगाल त्या मापाची बसवून मिळत नाही.”

हसले बिचारे. दातांचे डॉक्टर आहेत, बावन्न वर्षांचे, बोटं एकदम स्वच्छ. टर्बोची दोन दारांची गाडी दोन वर्षांपूर्वी घेतली ती डोंगरावरच्या शर्यतीसाठीच. चोवीस तारखेला शर्यत — पायथ्यापासून माथ्यापर्यंत अठ्ठावीस वळणं, एकेक गाडी सोडतात. आत्तापर्यंत दोनदा नाव नोंदवलं आणि दोनदा काही ना काही आडवं आलं. “या वेळी नाही गेलो तर कधीच जाणार नाही,” म्हणाले. हे मात्र हसून नाही.

आमच्या गॅरेजात दादानं गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला, कान लावला. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आणि माझ्या लॅपटॉपवर अजून त्याचा विश्वास नाही. “इंजिन ठणठणीत आहे. आता तुझ्या कॉम्प्युटरनं आजारी पाडू नकोस म्हणजे झालं.”

गाडीच्या कॉम्प्युटरमधली मूळ फाइल काढून दोन ठिकाणी ठेवली. कितीही बिघडलं तरी परत यायला वाट हवी.

मंगळवार, ५ मार्च

आज नवीन मॅप, म्हणजे पेट्रोल किती आणि ठिणगी कधी याचा तक्ता, गाडीत लिहिला. अकरा मिनिटं. या अकरा मिनिटांत बॅटरी पडली किंवा वायर हलली तर इंजिनाच्या कॉम्प्युटरची वीट होते — मग ती दाराला अडसर म्हणून वापरायची. बॅटरीला चार्जर लावला. पंखासुद्धा बंद केला. पंख्याचा काय संबंध? काही नाही.

एकाहत्तर टक्क्यांवर अडकलं.

दादा शेजारी उभा. एक मिनिट. दीड. “काय झालं?” मी हात वायरीपासून लांब धरून बसले होते. मग बहात्तर. दादानं श्वास सोडला तो ऐकू आला. “यापेक्षा इंजिन खोललेलं बरं. निदान दिसतं तरी काय चाललंय ते.”

बुधवार, ६ मार्च

गाडी ताकद मोजायच्या रोलरवर चढवली, पट्टे आवळले. दोनशे अडुसष्ट — गोड. दोनशे ब्याऐंशी — गोड. टर्बोचा दाब आणखी थोडा वाढवला आणि तिसरा सिलिंडर ठोकायला लागला. पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि पिस्टनवर जणू बारीक हातोडी बसते. कानाला कळत नाही, आकड्यात दिसतं. पाय काढला.

डॉक्टरांचा दुपारी फोन. “तीनशे झाले का?” दोन रुग्णांच्या मधल्या वेळात करत असावेत, मागे ड्रिलचा आवाज होता.

गुरुवार, ७ मार्च

प्लग बदलले. तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी जरा उशिरा दिली, पेट्रोल वाढवलं. दोनशे अठ्ठ्याण्णव, आणि ठोका नाही. याच्या पुढे मी जाणार नाही. तीनशे वीस दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावेत.

पण रोलर म्हणजे रस्ता नव्हे. स्टिअरिंगच्या खाली नोंदीची डबी बसवली. पेडल किती दाबलं, वेग, दाब, ठोका — सगळं ती लिहून ठेवते. फक्त गाडी कुठे होती आणि किती वाजले होते, ते नाही. इंजिन सुरू झालं की नवीन फेरी, एक, दोन, तीन. आधीचं सगळं पुसून कोरी केली. शनिवार-रविवार डॉक्टरांनी चालवायची, सोमवारी मी बघायचं.

शुक्रवार, ८ मार्च

चष्म्याचा नंबर वाढला. दुकानात दोन तास गेले. पोचले तेव्हा डॉक्टर गाडी घेऊन गेलेलेसुद्धा. दादा म्हणाला, “लहान मुलासारखे हसत गेले.”

सोमवार, ११ मार्च

डॉक्टरांनी डबी काढून पाठवली. एकोणीस फेऱ्या. ठोका कुठेच नाही. खूश होऊन चहा ओतून घेतला आणि मग पहिल्या फेरीकडे नीट पाहिलं.

पेडल अडतीस टक्के. अडतीस, अडतीस, अडतीस. चार सेकंद. पुढे परत एकदा — या वेळी सहा सेकंद. वेग चौऱ्याहत्तरवरून एकशे अठरा. मग एकदम पाय वर आणि ब्रेक, करकचून.

जिवंत पाय असा नसतो. माणूस कितीही स्थिर बसला तरी पाय थरथरतो. अडतीस, एकोणचाळीस, सदतीस असं चालूच राहतं. मी हजारो फेऱ्या पाहिल्या आहेत. अशी सरळ रेघ कधी नाही. पेडलवर दगड ठेवावा तशी.

चहा तसाच राहिला.

मंगळवार, १२ मार्च

आधी वाटलं, पेडलचा सेन्सर चिकटला असेल. सकाळी डॉक्टरांकडून गाडी मागवून घेतली. सेन्सर काढला, शंभर वेळा दाबला, तापवून पाहिला. ठणठणीत. या गाडीला आपोआप वेग धरायची सोय आहे, ती लावली असती तर पेडल शून्य दिसलं असतं. तेही नाही.

म्हणजे सहा सेकंद पाय होता, माणूस नव्हता.

दादाला दाखवलं. रेघांचं त्याला फार कळत नाही, तरी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिला. मी म्हटलं, “आपण काय डॉक्टर आहोत का? चुकलं तर?”

“आणि बरोबर निघालं तर? अठ्ठावीस वळणं आहेत त्या डोंगरावर.”

“ते चिडतील.”

“चिडू देत. उद्या कुणाला तरी उडवलं तर आपल्याला झोप लागेल का? सांगायचं. तुला जमत नसेल तर मी सांगतो.”

मीच सांगणार. रेघ माझी आहे.

बुधवार, १३ मार्च

सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही नीट. कागद पुढे केला, बोट ठेवलं. डॉक्टर आधी हसत होते. मग हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले.

“मॅडम, मी रोज लोकांच्या तोंडात ड्रिल घालतो. माझा हात केसभर हललेला नाही आजवर.”

“म्हणूनच म्हणते—”

“तुम्हाला इंजिन तपासायला दिलं होतं. मला नाही.”

दादा मध्ये पडला. “डॉक्टर, आमच्यावर हवा तेवढा राग धरा. पण एकदा तपासून घ्या. आणि तोवर हिनं केलेला मॅप आम्ही गाडीत ठेवणार नाही.” हे आमचं ठरलेलं नव्हतं! पण तो बोलला ते बरंच झालं. मी मूळ फाइल परत घातली. अकरा मिनिटं डॉक्टर फाटकाशी पाठमोरे उभे होते.

किल्ली माझ्या हातातून नाही, टेबलावरून उचलून घेतली.

शुक्रवार, १५ मार्च

फोन नाही. दादा म्हणतो, “विचार करत असतील.” नेहमीसारखा प्रत्येक गाडी देण्याआधी रस्त्यावर काढून ब्रेक बघतो, येता-जाता माझ्या खोलीत डोकावून जातो. आज तीनदा डोकावला.

रविवार, १७ मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन. त्यांच्याच दवाखान्यात बसतात, रुग्णांच्या वेळा त्या देतात. आवाज अगदी शांत.

“तो कागद मला पाठवाल? ह्यांनी फाडून टाकला.”

पाठवला. अर्ध्या तासानं परत फोन. “मी वाचलंय थोडं. ज्याला अशी क्षणभराची फिट येते त्याला स्वतःला कळतच नाही म्हणे. बोलता बोलता माणूस कुठे तरी जातो आणि परत येतो, वाक्य तिथूनच पुढे.”

मी विचारलं, घरी असं कधी दिसलं का.

म्हणाल्या, “तीस वर्षं झाली लग्नाला. माझं बोलणं ऐकताना हे कुठे तरी गेलेलेच असतात. कसं ओळखू?”

दोघीही हसलो. मग त्या रडायला लागल्या. मी फोन धरून बसून राहिले.

बुधवार, २० मार्च

दवाखाना बंद आहे. दारावर कागद लावलाय: ‘डॉक्टर आजपासून तपासण्यांसाठी रजेवर.’ डॉक्टरीणबाईंनी लावला. त्यांनी अटच घातली म्हणे — तपासणी होईपर्यंत एकाही रुग्णाच्या तोंडात हात घालायचा नाही, स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

गल्लीच्या टोकाचा टायरवाला मला विचारत होता, “तुम्ही डॉक्टरांना फिट येते म्हणून सांगितलंत?” गावभर झालंय. मी एका कागदावर बोट ठेवलं होतं, एवढंच.

रविवार, २४ मार्च

शर्यत झाली. एकोणचाळीस गाड्या वर गेल्या. डॉक्टर इस्पितळात, डोक्याला तारा लावून, दोन दिवसांच्या तपासणीला. तारीख आजचीच मिळाली. तिसऱ्यांदा आडवं आलं — आणि या वेळी आडवी आले ती मी.

दुपारी दादानं जेवायला हाक मारली. गेले नाही. ताट घेऊन वर आला, समोर बसला. “बरोबर केलंस,” म्हणाला. मी ताटाकडे बघत राहिले. “ऐकतेस का? बरोबर केलंस.” मग ताट माझ्याकडे ढकलून उठला.

गुरुवार, २८ मार्च

डॉक्टर आले. टॅक्सीनं. हातात जाड पाकीट.

“काही नाही,” म्हणाले. “मेंदू स्वच्छ. दोन दिवस तारा लावून पडून होतो, झोपू दिलं नाही, दिवे मिचकावले, धावायला लावलं. काही म्हणजे काही नाही. मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय.”

मी रिपोर्ट वाचला. परत वाचला. खुर्ची द्यायचंसुद्धा सुचलं नाही. माफी मागितली. शब्द फार तोकडे वाटले. या माणसाचा दवाखाना आठ दिवस बंद होता, शर्यत गेली, रस्त्यातले लोक त्याच्याकडे वळून बघतात.

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, “पहिले दहा दिवस तुमचा इतका राग आला की सांगता सोय नाही. मग इस्पितळात पडल्या पडल्या भीती वाटायला लागली. खरं असेल तर? किती जणांच्या हिरड्यांत सुया घातल्यात मी. तुम्ही सांगितलं नसतंत तर मला हे कधी सुचलंही नसतं.”

दादा दारात उभा होता. त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला होता. मान खाली घालून म्हणाला, “डॉक्टर, हिला बोलू नका. सांग म्हणून मीच मागे लागलो होतो.”

“बोलत नाहीये हो. फक्त एक काम करा माझं.” माझ्याकडे वळले. “त्या फेरीत मी नक्की कुठे होतो ते काढून द्या. मी आठवायचा फार प्रयत्न केला. घरी जाताना सहा सेकंद सरळ जाता येईल असा रस्ताच मला आठवत नाही. तिथे जाऊन उभं राहायचंय एकदा.”

वेगावरून अंतर निघतं. उद्या काढते म्हटलं.

शुक्रवार, २९ मार्च

सकाळीच बसले. वेग, वेळ, गुणाकार, बेरीज. साठ मीटरवर गाडी थांबलेली. मग चारशे दहावर परत. मग तीन किलोमीटर कुठेही न थांबता, मग तेच थांबे उलट्या क्रमानं, आणि शेवटचे साठ मीटर रांगत. फेरी जिथून निघाली तिथेच संपली होती. डॉक्टर घरी गेलेच नव्हते त्या फेरीत.

साठ मीटरवर आमचं फाटक. चारशे दहावर सिग्नल. त्यापुढे गोदामांचा रस्ता, सरळसोट. मी चष्म्याच्या दुकानात होते, आणि गाडी देण्याआधी ब्रेक बघायला कोण घेऊन गेलं होतं ते विचारायची गरज नव्हती.

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. जिन्यावरून अनवाणी धावले. गाडी फाटकाच्या आत होती अजून. खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मुठीत धरली.

“काय गं?” दादा म्हणाला. हसत होता.